छाट

युनियनची वही घेऊन रत्नव्वा गड्डम
रात्री आठला घरकुलात येते.
बायका सरकतात, मांडीवरचं सूप न उतरवता.

मतदार ती कट्ट्यांनी मोजते:
पंचवीस नावं, एक दोरा.
"म्याकलांची सून माहेरी, अक्कलकोटला.
सांगावा कोण धाडतंय?"

चेकर हजारातून शंभर विड्या
छाट म्हणून बाजूला सारतो,
पैसे कापतो,
आणि त्याच विकतोही.

भाषण नाही. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी,
रत्नव्वा एवढंच म्हणते:
"आपल्यातलीच भूदेवी उभी आहे.
पानं भिजत घाला, सातला शाळेत या.
त्या दिवशी छाट आपण काढायची."

नरसव्वा दिव्याखाली बोट धरते,
तीस वर्षांच्या तंबाखूनं काळपट.
"यावर शाई दिसंल का गं?"