कागदावरचा उंदीर

एप्रिलात मशीन आलं, मशीनमागोमाग वेई आला.
उद्यमनगरात तेव्हा असलं ऊन
की पत्र्याखाली पाना हातात धरवत नव्हता,
आणि ह्या पोराच्या पायात लाल मोजे.
रोज लाल. बुटाच्या वर बोटभर दिसणारे.
पोरं म्हणायची, भावा, लगीन ठरलंय काय?

तो मोबाईलशी बोलला, मोबाईल आमच्याशी,
रेल्वे स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात :
हे कुत्र्याचे वर्ष आहे. माझा जन्म कुत्र्याचा आहे.
आपलेच वर्ष आपल्यावर उलटते.
वर्षाचा देव रागावतो. आईने बारा जोड दिले आहेत.
"म्हंजे साडेसातीच की," लोहार मिस्त्री म्हणाले,
आणि शनिवारी मारुतीला न्यायच्या तेलातलं
थोडं मशीनच्या पायाशी सोडून आले.

मग तो ज्याला त्याला साल विचारत सुटला.
वेल्डर निघाला वाघ; दिवसभर तसाच चालला.
कँटीनची शेवंता डुक्कर.
डुक्कर म्हणजे भरलेलं घर, त्यानं घाईनं सांगितलं,
तरी त्या दुपारी त्याच्या रश्श्यात फोड नव्हती.

माझं साल साठ. तारीख एक जून.
आमच्या गल्लीतली निम्मी पोरं एक जूनचीच,
हेडमास्तरांनी एका दुपारात जन्माला घातलेली.
उंदीर, वेई म्हणाला. सगळ्यांत पहिला. हुशार.

पण आई सांगायची, चंद्रीला रेडी झाली
त्याच्या दुसऱ्या दिवशी तू.
मास्तरानं वरीस चढवलं, शाळेत घ्यायला.

हे ऐकून त्यानं पाना खाली ठेवला. खुदकन हसला.
देवाने शर्यत लावली. मध्ये नदी होती.
उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी पार झाला
आणि काठ येताच उडी मारून पहिला आला.
बैल का म्हैस रे? मिस्त्रींनी विचारलं.
आमच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे.

रात्री त्याला गंगावेशीत नेला.
म्हशी उभ्याच होत्या, पेल्यात धार, वर फेस.
पांढऱ्या मिशीनिशी तो एका म्हशीजवळ गेला,
कपाळावर हात ठेवून कायतरी बोलला.
मोबाईल खिशात होता.
म्हशीनं कान हलवला, मला काही कळलं नाही.

एकतीस मेला कागदावरच्या उंदरानं
माझ्या पाठीवरून उडी मारली.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
मी मात्र अजून पाण्यातच होतो, कमरेएवढ्या.
एक वर्ष बाकी होतं अंगात,
ते कुठं जमा करायचं कुणी सांगितलं नाही.

तीन वर्षांनी त्याचा मेसेज आला, आपोआप मराठी झालेला :
आता तुमचे वर्ष. आई बरोबर होती. लाल घाला.

मोज्यांची दुकानं बंद होती. सगळीच बंद होती.
गल्लीत ॲम्ब्युलन्स वळायला जागा नाही म्हणून
माणसं कोपऱ्यापर्यंत चालत जायची,
काही तशीच परत यायची, काही नाही.

माळ्यावर पाडव्याचं सामान होतं,
म्हशींच्या शिंगांना बांधायचे गोंडे, उंदरांनी कुरतडलेले.
एक लाल शिल्लक होता. तो उसवला,
दोरा वळला, करगोटा केला.
गाठ मागं येते, माझा हात पोचेना.
बायको म्हणाली, श्वास सोडा जरा.
सोडला.
पुन्हा घेईपर्यंत तिनं बांधलाही.