उघडते नं

मे महिना. नंदनवनात गच्चीवरची खोली.
कूलर इतका ओरडतो की
तळघरातला राक्षस कुजबुजला
तर मला तेच वाक्य तीनदा म्हणावं लागतं.

माझ्याजवळ तक्ता आहे, बर्डीवरून लॅमिनेट करून आणलेला.
कुलूप उघडणे: पंधरा टक्के.
सापळा निकामी करणे: दहा.
सावलीत लपणे: तेही दहाच.
भिंत चढणे मात्र सत्त्याऐंशी,
म्हणजे आमचा चोर मुळात पाल आहे.

सुकेशनी रामटेकेचा चोर. नाव उंदऱ्या.
चार रविवार झाले, एक कुलूप उघडलं नाही त्यानं.
दोन फासे, एक दशकाचा, एक एककाचा:
त्र्याहत्तर. एकसष्ट. अठ्ठ्याण्णव.
"कायचा चोर आहे बे हा," पराग म्हणायचा,
आणि कुऱ्हाडीनं दार फोडायचा.
दर वेळी.
राजवाड्याचं असो की संडासाचं.

त्या दिवशी फासा कूलरखाली गेला.
वाळ्याच्या पाण्यात हात घालून चाचपत
सुकेशनी तिथूनच बोलली,
"माहे बाबा इतवारीत चाव्या बनवतात, तीस वर्षं झाले.
लोक विचारतात, उघडेल का?
बाबा म्हणतात, उघडते नं.
वेळ किती लागते, ते सांगतो.
तोवर उभे राहता का उन्हात?"

फासा सापडला नाही.

मी तक्ता उलटा केला.
लॅमिनेशनवर शाई धरत नव्हती,
तरी गिरवून गिरवून लिहिलं:
चोर आहे, तर उघडेल.
सहाचा एकच फासा टाक,
आणि तो कुलपाला विचारू नको.
गल्लीला विचार, कोण जागं आहे.

उंदऱ्या गुडघ्यावर बसला.
तार आत गेली.
सुकेशनीनं फासा हातात घोळवला,
तिच्या नखाखाली काळं ग्रीस होतं,
हे मला चार रविवार दिसलं नव्हतं.
दोन.
"दूर कुठंतरी पावलं," मी म्हणालो. "एका माणसाची. येताहेत."
परागनं कुऱ्हाड खाली ठेवली.
"झालं का?"
"थांब नं. होऊन रायलं."
"झालं का बे?"

तेवढ्यात लाइट गेली.
कूलर घरघरत थांबला
आणि त्या अचानक मोकळ्या झालेल्या शांततेत
जिन्यावर पावलं वाजली.

घरमालक टाकी बघायला येत होते, हे नंतर कळलं.
तेव्हा मात्र आम्ही पाचजण
काळोखात, घामानं भिजलेले,
दाराकडे बघत होतो
आणि सुकेशनीची बोटं
हवेतच, हळूच,
काहीतरी फिरवत होती.