नखाची खाच

दुसऱ्या शनिवारी, दुकानं उघडायच्या आत,
मटण स्ट्रीटमागच्या गोदामात आम्ही तिघं जमतो.
अकील पेटीवाला हिरवी बनात अंथरतो,
आणि आम्ही चाकू मांडतो, मिटलेले,
पंगतीला बसवल्यासारखे.

मनवेल मिस्किटा माझगावचा.
तीस वर्षं गोदीत दोरखंडांशी झटापट.
त्याला खलाशाचा चाकू आवडतो, बोथट नाकाचा.
"ह्याला मेंढीचा खूर म्हणतात," तो दरवेळी सांगतो,
जसं काही आम्ही पहिल्यांदाच ऐकतोय.
"टोक नको. बोट डोलली
तर बाजूवाल्याच्या बरगडीत जायचं."
पाठीला गाठ सोडवायचा सुळा, गंजून तपकिरी.

अकीलचा जीव कलमतराशांत,
करंगळीएवढ्या पात्यांत. त्यांनी बोरू तासून
कुणी हुंड्या लिहिल्या असतील, कुणी शिव्या.
रामपुरी तो ठेवत नाही.
"गिऱ्हाईक सिनेमा बघून येतं,
मागोमाग हवालदार."

मी टपालातली. काळबादेवी, पार्सल खिडकी.
सुतळी कापायला सरकारी चाकू, नंबर एकशे बारा,
निवृत्तीच्या दिवशी सही घेऊन काढून घेतला.
घरी आले तर पर्समध्ये त्याच्याएवढीच जागा रिकामी.
ती भरता भरता आज सत्तेचाळीस झालेत.
सुनेला वाटतं, मी भिशीला जाते.

आजचा वाद मुठीवरून.
सांबरशिंग की रंगात उकळलेलं हाड?
भिंग या हातातून त्या हातात.
हाडाला बारीक ठिपके असतात, मुंग्यांच्या पावलांसारखे.
दिसले. मनवेल हरला, चहा त्याच्याकडे.

मग बिस्किटाच्या डब्यातून,
बिनकुलपाच्या चाव्या आणि मोडक्या बिजागऱ्यांखालून
अकीलने एक काळा चाकू काढला.
शिंगाची मूठ, तीन पितळी खिळे,
कारखान्याचा शिक्का झिजून अर्धा मुकुट उरलेला.
"चांगला होता," तो म्हणाला,
"पण कुणीतरी नासवलाय. हे बघ."

पातं उघडायला नखाची खाच असते,
एकाच अंगाला, उजव्या हाताच्या सोयीची.
ह्याला दुसरीही होती. पलीकडून.
कानशीने घासलेली, वाकडी,
दोनदा घसरून तिसऱ्यांदा जमलेली.

"किंमत निम्मी," अकील.
"दारुड्याचं काम," मनवेल.

मी काहीच बोलले नाही.
ठाकूरद्वारच्या शाळेत माझ्या डाव्या हाताला
पाटीच्या लाकडी कडेनं शिकवलं होतं,
आणि घरी ताटावर बसल्यावर
आई नुसती बघायची.
लिहायला शिकले उजव्यानं, जेवायलाही.
पण सुतळी डाव्यानंच कापली, अडतीस वर्षं,
एकशे बारा नंबर दर खेपेला उलटा फिरवून,
खिडकीपलीकडचं माणूस म्हणायचं,
बाई, लागेल हं.

कोण असेल? खलाशी? शिंपी?
एखादी बाई, विळीवर हात न बसणारी?
कानस कुणाकडून मागून आणली असेल,
काय सांगून?

डाव्या अंगठ्याचं नख त्या वाकड्या खाचेत टेकवलं.
कमानीनं जरा अंग चोरलं,
मग टक्.
पातं माझ्याकडे तोंड करून उभं.

पैसे मोजले. पूर्ण किमतीचे.
अकील म्हणाला, "ताई, निम्मी बोललो मी."
मी म्हटलं, "ऐकलं."

पिशवीत सकाळचा पेरू होता.
संग्रहातल्या पात्याला फळ लावायचं नाही,
हा आमचा पहिला नियम, माझ्याच अक्षरात
गोदामाच्या दारामागे चिकटवलेला.

पेरू कापला. चार फोडी, एक कमी-जास्त.
अकीलनं डोळे गच्च मिटून घेतले.
मनवेलनं हात पुढे केला,
"मीठ आहे काय गं?"