तारेची चौकट

बर्फ वितळला. धसकटांनी हिवाळाभर धरून ठेवलेलं
वाहून गेलं नाही, मुरलं.
रान आता घातीला आलंय.
मी तारेची चौकट खांद्यावरून फेकते, मागे न बघता.
नियमच आहे तसा, नाहीतर डोळा
स्वच्छ जागाच निवडतो.
जिथे पडेल तिथे गुडघे टेकून मोजते.

"मोजून मरतं का गं तण, बोतागोझ?"
रस्त्याच्या कडेला तिमोफेय आजोबा, काठीवर हनुवटी.
एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ही स्टेप पहिल्यांदा उलथली.
क्षितिजापर्यंत एकच तास,
आणि तो संपायला दोन तास.
बिल्ला मिळाला.
पुढे काही वर्षांनी वारा आला आणि रान उठून गेलं.
दुपारी दिवा लावला होता,
एवढंच सांगतात.

रानओट हुशार. त्याच्या दाण्याला पिळाचं कुसळ:
ओल लागली की सुटतं, सुकलं की वळतं,
असा फिरत फिरत दाणा आपला आपणच मातीत शिरतो.
नांगराने आम्ही त्याचे कष्ट वाचवले,
खोल नेऊन निजवला.
आता तो वरच उघडा पडतो.
थोडे उगवतात,
बरेचसे रात्री काळे भुंगेरे नेतात.

गव्हावर मसूर, मसुरीवर जवस, मग पुन्हा गहू.
तणाला आमचं पंचांग पाठ होता कामा नये.

चौकटीत रानओट सहा. पूर्वी तीस-पस्तीस असायचे.
बद्याक मात्र वाढलंय, ते काटेरी. वहीत तेही लिहिते.
मुळं माझ्या उंचीहून खोल,
नांगर गेल्याचं सुख त्यालाच जास्त.
त्याच्यासाठी अजून फवारा लागतो,
आणि त्या दिवशी मी घरी कुणाशी बोलत नाही.

फावड्याने एक ढेकूळ काढून
आजोबांच्या ओंजळीत दिलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला, हलकेच फोडलं.
आत गेल्या वर्षीच्या मुळांच्या वाटा,
पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे.
हुंगलं.
"पहिल्या दिवशी असाच वास होता."
मग बराच वेळ काही नाही. वर एक चंडोल.

दोन्ही तुकडे त्यांनी जुळवले,
निघाले होते त्याच खड्ड्यात बसवले,
धसकट वर ठेवून,
बोटांनी कडा दाबल्या, जशी पाकिटाची दाबतात.
"ती चौकट कशी फेकायची?"

"मागे न बघता," मी म्हटलं.

ते त्यांना जमलं नाही.