धाग्याला तहान लागली

पुस्तकात हा धडा ऑगस्टात येतो.
ऑगस्टात नागपूरची हवा म्हणजे न वाळलेला टॉवेल.
पट्टी घासून घासून माझा खांदा भरून आला,
कागदाचे कपटे टेबलावर निपचित,
पाहुण्यांच्या भाषणाला बसवलेल्या पोरांसारखे.
"मॅडम, लाइन गेली का?" तुषार रंगारीनं विचारलं
आणि अख्खी सातवी ब हसली.

आता जानेवारी.
पाचपावलीत सकाळी ओठ फुटतात,
हातावर नख ओढलं की खडूची रेघ उठते.
मी पुन्हा सामान काढलं: फुगा, पट्टी, लोकरी मफलर,
संक्रांतीच्या फाटक्या पतंगाचा ताव, बारीक कातरून.

अडचण आली तेलाची.
सदतीस डोकी, सगळी चापून बसवलेली.
काल न्हालेलं एकच निघालं, तेही तुषारचं.
त्याच्या केसांवरून पट्टी फिरवली दहा वेळा, पंधरा वेळा,
आणि टेबलावरचा एक गुलाबी कपटा
उठून बसला.
मग सगळेच उठले. काही चिकटले,
काही चिकटून लगेच उडाले, फेकल्यासारखे.
"ह्यांले काहून हाकललं, मॅडम?"

ते उत्तर पुस्तकात नाही. मी जुळवाजुळव करत होते,
तेवढ्यात शेवटच्या बाकावरून रेवती निमजे,
जिचा आवाज वर्षभर हजेरीपुरताच ऐकलेला:
"आमच्या मागावर रोज होते असं.
थंडीत रेशीम बिथरते, मॅडम.
धागे एकमेकांपासून पळतात,
आजोबांच्या मनगटाला येऊन चिकटतात.
मंग आजोबा मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडतात,
ओलं पोतं टाकतात.
म्हणतात, धाग्याले तहान लागली."

फळ्यावर माझ्याच अक्षरात होतं:
हवा दमट असल्यास प्रयोग फसतो.
तो फसावा म्हणून
तिच्या घरी रोज पहाटे कुणीतरी बादली भरतं.

ती उठून पुढे आली, न बोलावता.
बाटलीतल्या पाण्यानं तळवा ओला केला,
पट्टीवरून सावकाश फिरवला,
लुगड्याची घडी बसवावी तसा.
कपटे एकेक करून गळाले.
"अस्सं," ती म्हणाली, आणि हात स्कर्टला पुसला.

तुषार कुरकुरला, आत्ता तर जमलं होतं.
घंटा झाली. दप्तरं, धूळ, खिचडीची रांग.

फुगा तेवढा भिंतीवरच राहिला, नकाशाशेजारी.
मधल्या सुट्टीनंतर येऊन पाहिलं:
थोडा खाली घसरला होता,
सुटला नव्हता.