मानस

बांबोळीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
जिथला एसी कायम अठरावर अडकलेला,
मी लोकांच्या नसांचा वेग मोजते.
दोन वायरी, गार जेल, शिंप्याची टेप.
बाकी यंत्र.

आज आगरवाड्याचे सगुण मिठगावडे.
टाचा काळ्या, भेगांत पांढरी रेघ.
शिंपला तळव्यात घुसला, म्हणाले,
दिवसभर तसाच आगरात उभा,
संध्याकाळी सुनेनं रक्त दाखवलं.
"मीठ लागूंकच ना."
लागलं नाही, हेच त्यांना लागलं होतं.

मनगटावर झटका दिला. अंगठा उडाला.
"करंट खंयचो? मशिनाचो?"
टिचकी तेवढी मशीनची, म्हटलं,
पुढचं सगळं तुमचं.
"आमचें? कितें?"
मीठ.

हसले. पेशंट हसला की रेषा थरथरते,
मी थांबले, आणि थांबल्या थांबल्या सांगत गेले:
नसेचा एक धागा, त्याला पापुद्रा,
बाहेर सोडियम दाटलेलं, आत यायला टपलेलं,
आत उणे सत्तर मिलिव्होल्टची शांतता.
ती फुकट नाही. पंप चालू असतो,
तीन बाहेर, दोन आत, तीन बाहेर, दोन आत,
तुम्ही झोपलात तरी.
आणि पापुद्र्यात दारं.
टिचकी कमी पडली तर काही नाही, पाणी डुचमळतं, बसतं.
उणे पंचावन्नपाशी पोचली, की उघडलीच.
एका धाग्यात अर्धा निरोप नसतो.

"हां," ते म्हणाले, "मानस."
मला वाटलं मनाबद्दल बोलताहेत.
"बांधाचें दार, बाय. उदक घेवपाचें, आडावपाचें."
चाळीस वर्षं त्याच्या फळ्या बदलल्या त्यांनी,
कालवं खरवडली, फटींत चिखल भरला.
मी हा शब्द शाळेत शिकले, पेपरात लिहिला,
त्याला शेवाळ धरतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

"आनी तें दार कोण उघडटा?"
शेजारचं दार.
"आनी ताका?"
त्याच्या शेजारचं.
जरा वेळ छताकडे पाहिलं.
"म्हणजे बांधार कोणूच बसूंक ना."

कुणीच नाही. मागचं दार नुकतंच मिटलेलं,
लगेच उघडत नाही,
म्हणून लाट मागे फिरत नाही. एवढीच राखण.

हात: सेकंदाला चोपन्न मीटर. छान.
मग पोटरीवर टिचकी, घोट्यामागे कान.
काही नाही.
वाढवली. अजून वाढवली.
पडद्यावर रेषा सरळ.
मी वायर तपासली, जेल तपासलं, टेप पुन्हा लावली,
आपण सगळे आधी वायरच तपासतो.

त्यांनी मान वळवून पडदा वाचला.
"भांग," म्हणाले.
अष्टमीचं पाणी, ना चढत ना उतरत.
"उदाण केन्ना येतलें?"

दोन पेशींमधे एक फट असते.
तिथे वीज थांबते, फेरी धक्क्यावर बस थांबते तशी,
आणि पुढे उतारू पाण्यावरून, सुटे सुटे.
त्यांचा प्रश्न माझ्यापर्यंत पोचला.
माझं उत्तर अलीकडच्या धक्क्यावर राहिलं.
रिपोर्ट डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.

जेल पुसलं. दुसऱ्या पायाचंही.
ते खाली वाकले,
आणि चपला
डोळ्यांनी घातल्या.