साल

ज्या ओकची साल म्हणजे बाटलीचं बूच,
त्याला पहिली पंचवीस वर्षं कुणी हात लावत नाही.
मग निघते ती पहिली साल खडबडीत, कवडीमोल.
मग नऊ साल थांबायचं. मग पुन्हा साल.
रोप लावणारा बहुधा चांगलं बूच न बघताच जातो.
कोरुशच्या पलीकडचं हे रान आमच्या चर्चच्या मंडळाचं,
चारशे बारा झाडं.
हिशेब माझ्याकडे, वडिलांकडून आलेला,
त्यांच्या चष्म्याच्या डबीसकट.

कुऱ्हाड मारायची नसते, टेकवायची असते.
आतल्या पापुद्र्याला इथे आई म्हणतात.
आईला धार लागली की झाड पुन्हा भरत नाही.
म्हणून कुऱ्हाडवाल्याची मजुरी
शेतातल्या कुठल्याही मजुरीपेक्षा जास्त,
आणि फिर्मीनूचा हात सगळ्यांत हलका.

त्या सोमवारी काम सहाला सुरू झालं.
साडेबाराला तो आला, चालत,
बूट हातात, मोजे खिशात.
इलारिऑन, मोल्दोव्हाचा.
पहाटे चारपासून बस स्थानकाजवळ उभा होतो, म्हणाला,
टेम्पो आले, माणसं मोजून घेऊन गेले,
मी मोजणीबाहेर राहिलो.

कुऱ्हाड त्याला येत नव्हती. त्यानं फळ्या वाहिल्या,
खांद्यावर, तान्हं मूल न्यावं तशा,
एकीचाही कोपरा मोडला नाही.
सुट्टीनंतर कुणी न सांगता भुगा झाडला.
मग मी त्याला पांढऱ्या रंगाचा डबा दिला.
सालाचा शेवटचा अंक सोललेल्या खोडांवर घालायचा असतो.
त्या वर्षी पाच.
त्याचा पाच त्याच्या गावच्या वळणाचा,
डोक्यावरची टोपी सुटी, जरा मागे उडालेली.

सहा ते तीन म्हणजे नऊ तास. त्याचे अडीच.
मी अर्धा दिवस लिहिला,
म्हणजे वर दोन तासांची मेहेरबानी,
आणि त्या मेहेरबानीवर रात्री छान झोपले.
त्यानं पैसे मोजले नाहीत.
क्रूस काढला, उजवीकडून डावीकडे,
आमच्या उलट, आणि रस्त्याला लागला.

फिर्मीनू, जो पहाटेपासून घामात होता,
ज्यानं कुरकुरायला हवं होतं,
कुऱ्हाड पुसता पुसता एवढंच म्हणाला,
देओलिंदा, याला भूक अर्धी लागते का गं?
मी म्हटलं, नियम आहे.
तो म्हणाला, असेल.

आदल्याच रविवारी पाद्रे आन्सेल्मूंनी
द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट सांगितली होती.
मी दुसऱ्या बाकावर, मान डोलावत.
धनी बरोबरच होता.
पण त्याला वर्षाअखेर मंडळापुढे
ताळेबंद मांडायचा नव्हता.
आणि भाकर आपण दिवसाची मागतो, तासाची नाही,
हे मला तेव्हा नाही, भांडी घासताना सुचलं,
तीन वर्षांनी.
तोवर बस स्थानकाजवळ
त्याचं नाव ओळखणारं कुणी नव्हतं.

नवात नऊ मिळवले काय, पाचात मिळवले काय,
शेवटचा अंक एकानं कमीच होतो.
यंदा चार.
दोनशे सहाव्या झाडाची साल सुटली
तेव्हा मी तिथे मुद्दाम उभी होते.
टोपी फिकी झाली होती, पण होती.
नऊ साल ते झाड त्याचा पाच अंगावर घेऊन भरत राहिलं,
माझ्या वहीला न विचारता.

तो तुकडा मी कारखान्यात पाठवला नाही.
वजनात पावणेदोन किलोची तूट आली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: देणं.
पाद्रेंनी वाचलं, चष्मा काढला, सही केली.
फिर्मीनूला दाखवावं म्हणून गेले,
तर त्याला आता अक्षरं दिसत नाहीत.
त्यानं बोटानं चाचपून पाहिलं
आणि विचारलं, आई शाबूत आहे ना?

नव्या खोडावरचा चार अजून ओला आहे.
तो रंगवणारी मुलगी आज दुपारी दोनला आली,
नाव बेनविंदा, हाताला बोहरी कामाचे घट्टे नाहीत,
उद्याही येईन का म्हणून विचारते.
तिच्या नावापुढचा रकाना रिकामा आहे.
पेनाचं टोपण मी काढलंय.